अर्धी गोळी

तंजावरला माझी बदली झाली तेव्हा आई मोठ्या हौसेने माझ्याबरोबर आली. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख तिने चष्मा वरखाली करीत ओळखीच्या अक्षरांपुरता वाचला आणि हे आपलेच गाव असल्याचे जाहीर करून टाकले. या आत्मविश्वासाच्या भरात ती संध्याकाळी एकटीच फिरायला जाई, भाजी आणी आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःची औषधेही आणी. तमिळ येत नसल्याने तिचे काही अडत नसे. चिठ्ठी पुढे करायची आणि पैसे द्यायचे, एवढाच व्यवहार.

रक्तदाबासाठी तिला ॲटेनोलॉलची २५ मिलिग्रॅमची गोळी होती, रोज सकाळी एक. एके दिवशी पूजा आटोपून उठताना तिचा तोल गेला व ती भिंतीला धरून खाली बसली. आठवडाभर डोके हलके वाटत होते, पण उन्हाळ्याचा त्रास म्हणून तिने ते सांगितले नव्हते. नाडी मोजली तर मिनिटाला सेहेचाळीस. सहज म्हणून गोळ्यांची पट्टी उलटून पाहिली. तीवर ५० छापलेले होते. चिठ्ठीवर मात्र स्वच्छ अक्षरात २५.

"दुकानदार काही बोलला का?" मी विचारले.

"बोलला ना! मला दोनदा 'अरे' म्हणाला. म्हाताऱ्या माणसाशी बोलायची ही रीत!"

शेजारच्या तंजावरी मराठी बोलणाऱ्या वृद्ध बाई समाचाराला आल्या होत्या. त्या आधी हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "अरे नव्हे हो, अरै. अरै मात्तिरै, म्हणजे अर्धी गोळी." तमिळमधली मात्तिरै म्हणजे आपलीच मात्रा. शब्द ओळखीचा होता, पण त्याच्या आधीचे विशेषण तेवढे आईला कळले नव्हते.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. औषधे नियम, १९४५ यांतील नियम ६५ च्या उपनियम ११-अ प्रमाणे अनुसूची 'एच' मधील औषध चिठ्ठीवर देताना त्याच्या बदली दुसरे कोणतेही औषध देता येत नाही, मग त्यात तोच घटक असो वा नसो. ॲटेनोलॉल या अनुसूचीत आहे. तक्रार करणे मला अवघड नव्हते. राज्याच्या औषध निरीक्षकाला एक पत्र पुरले असते, आणि केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याचे पत्र फाईलीत लवकर वर येते हे मी जाणून आहे.

पत्र लिहिण्याआधी दुकानात गेलो. मालक स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट होते, भिंतीवर प्रमाणपत्र होते. ते गडबडले, पण खोटे बोलले नाहीत. २५ ची गोळी संपली होती. आई चालत आलेली, तिला परत कशाला पाठवायचे, म्हणून ५० ची दिली व अर्धी घ्यायला सांगितले. डॉक्टरांना विचारले का, असे म्हणताच त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "तुम्हीच करून पाहा, सार." मी केला. कंपाउंडरने उचलला आणि डॉक्टर पेशंट पाहात आहेत, रात्री दहानंतर करा, असे सांगून ठेवून दिला.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला आणखी एक गोष्ट टोचत होती. त्या खरेदीत आईचे पैसे वाचले होते! मात्रा दुप्पट झाली म्हणून किंमत दुप्पट होतेच असे नाही. ५० ची गोळी मोडून खाणारा ग्राहक पुष्कळदा फायद्यात राहतो, आणि टक्केवारीने नफा मिळवणाऱ्या दुकानदाराचे त्यात उलट कमीच होते. त्यातून लहान दुकानदाराने प्रत्येक औषधाची प्रत्येक मात्रा ठेवायची म्हणजे भांडवल फळीवर अडकवून बसायचे. तेव्हा लोभ हे सोपे उत्तर येथे चालत नव्हते. हिशेब चुकलेला नव्हता. तो फक्त दुकानदाराच्या डोक्यात राहिला, पट्टीवर उतरला नाही. त्याने कागदाच्या चिटोऱ्यावर अर्ध्या गोळीचे चित्र काढून दिले असते तरी आई पडली नसती.

याच गावात दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल चालविला. तेथे निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य होते, औषधेही तेथेच तयार होत. राजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. वैद्य आणि औषध एका छपराखाली असल्यावर कंपाउंडरला फोन करण्याचा प्रश्नच येत नसावा. आज दोघांमध्ये रस्ता आहे, आणि तो रस्ता म्हाताऱ्या माणसाने चिठ्ठी घेऊन ओलांडायचा आहे. ब्रिटनमध्ये २०१९ पासून टंचाईच्या वेळी ठराविक औषधांपुरती, सरकारने लेखी ठरवून दिलेल्या अटींवर, फार्मासिस्टला दुसरी मात्रा देता येते. आपल्या नियमात सरसकट मनाई आहे आणि दुकानात सर्रास मोकळीक. मधली लेखी पायरीच नाही.

रात्री दहानंतर डॉक्टर भेटले. त्यांनी दोन दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली, नाडी रोज मोजायला सांगितली आणि मग म्हणाले, "त्यानंतर ५० ची अर्धी द्या, चालेल." म्हणजे जे दुकानदाराने ठरवले होते तेच! मी हट्टाने ते चिठ्ठीवर लिहून घेतले, मराठीत खाली मीही लिहिले.

तक्रारीचे पत्र मी पाठवले नाही. ते बरोबर केले की चूक, याविषयी माझे मत अजून दर वेळी बदलते. दुकानदार मात्र त्यानंतर आईला पट्टी देताना गोळीवर पेनने आडवी रेघ मारून दाखवीत असे. घरी ती सुरीने गोळ्या मोडून डबीत ठेवी. तुकडे कधी सारखे होत नसत. तेव्हा मोठा आज आणि धाकटा उद्या, असा तिने तोडगा काढला होता.