नावे पडलं, जमा झालं नाही

"अहो साहेब, बचतीला नावे पडलंय, पण कर्जाला जमा नाही. तेरीज जुळत नाही माझी." साताऱ्याकडच्या एका पतसंस्थेतल्या हिशेबनीस मॅडमचा फोन.

"असं होणारच नाही," मी म्हणालो. कोड माझाच होता. दोन्ही नोंदी एकाच ईजेबी मेथडमध्ये, एकाच ट्रान्झॅक्शनखाली: झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. लॉग उघडला. हप्ता येणे रकमेपेक्षा जास्त होता म्हणून डेटाबेसने दुसरी नोंद नाकारली होती, आणि कंटेनरने रोलबॅकही केला होता. तरी पहिली नोंद पोस्टग्रेसमध्ये ठाण मांडून बसलेली!

महिन्यापूर्वी आम्ही जुन्या जेबॉसवरून वाइल्डफ्लायवर आलो होतो. जुन्या जेबॉसमध्ये डेटासोर्सच्या फाइलीतला टॅगच बोलका असे: मुख्य कामाला 'लोकल-टीएक्स-डेटासोर्स', अहवालांना 'नो-टीएक्स-डेटासोर्स'. वाइल्डफ्लायमध्ये तो फरक 'जेटीए' या एका शब्दापुढच्या ट्रू-फॉल्समध्ये मावतो. मी आधी अहवालांचा डेटासोर्स लिहिला, त्याचीच नक्कल करून नाव बदललं आणि मुख्य बनवला. फॉल्स तसाच राहिला. तो शब्द लिहिलाच नसता तर सर्व्हरने ट्रूच धरलं असतं, हे जास्त झोंबलं.

कंटेनर इमानदारीने ट्रान्झॅक्शन सुरू करत होता, पण कनेक्शन त्यात सामीलच होत नव्हतं. ते ऑटोकमिटवर, एकेक एसक्यूएल वाक्य परस्पर पक्कं होत होतं. रोलबॅक झाला तो रिकाम्या पिशवीचा. माझ्या सगळ्या चाचण्या सुखरूप पार पडणाऱ्या व्यवहारांच्या होत्या, त्यामुळे पत्ताच लागला नाही.

ट्रू केलं, रिलोड केलं, मुद्दाम जादा रकमेचा हप्ता भरून पाहिला. बचतीची शिल्लक जागची हलली नाही. जिवात जीव आला, तो रात्री आठपर्यंतच.

दिवसअखेरच्या व्याज आकारणीला नऊ मिनिटं लागत. ट्रान्झॅक्शनची मुदत न सांगता ३०० सेकंद. जुन्या सर्व्हरवर कुणीतरी ती वाढवून ठेवलेली. तीही मी आणली नव्हती. सगळं व्याज मागे फिरलं. लॉग मागे चाळला, तर मुदत संपल्याची तक्रार महिनाभर रोज येत होती. तेव्हा नोंदी पक्क्या होऊन जात, व्याज दिसे, मग कोण वाचतो?

मुदत वाढवून मोकळं व्हावं असं सहकाऱ्याचं मत. मला नऊ मिनिटं कुलपं धरून बसणं पटेना. दोनशे खात्यांचा एकेक गट केला, प्रत्येकाला 'रिक्वायर्स न्यू'. तरी मुदत संपेच, कारण गटाची मेथड त्याच बीनमधून थेट बोलावली होती; कंटेनरला ती दिसतच नव्हती. ती वेगळ्या बीनमध्ये हलवून बोलावणाऱ्या मेथडचं ट्रान्झॅक्शन काढल्यावर मार्गी लागलं. तोवर पहाटेचे तीन.

एकेरी नोंदी एकूण तीन निघाल्या. मी म्हटलं, "मॅडम, एसक्यूएलने पुसून टाकतो."

"कीर्दीत खाडाखोड चालत नाही. मी उलट्या नोंदी घालते." तिन्ही सभासदांच्या बचतीत त्यांनी परत जमा दिलं. मग विचारलं, "पण तुमचं ते रोलबॅक म्हणजे खोडणंच ना?"

"नाही, पक्कं व्हायच्या आधीच मागे घेणं."

"म्हणजे तुमच्यातही कच्ची कीर्द असते तर. मग ती महिनाभर बंद का ठेवली होती?"