तासगावची तहानलेली वेल

द्राक्षं पाहायची तर फेब्रुवारीत जावं, असं म्हणतात. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या तासगावला पोहोचलो ते एप्रिलच्या रणरणत्या उन्हात! खरड छाटणी झालेली, मांडवावर नुसती कोवळी फूट. घड औषधालाही नाही.

“आता काय बघायचं?” मी विचारलं.

बागेतल्या वहिनी हसल्या. “पुढचं पीक आत्ताच तर ठरतंय. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येणारे घड या फुटीच्या डोळ्यांत धरतात.”

त्यांनी बुंध्याजवळ वीतभर उकरून मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. वरची तव्यासारखी तापलेली, आतली गार! दाबली तर लाडू वळला. लाडू फुटू लागला, शेंड्याच्या कुरळ्या बाळ्या मलूल झाल्या, की वेलीला पाण्याचा ताण बसला समजायचं. मुरमाड रान लवकर सुकतं, काळी माती ओल धरते. म्हणून शेजारणीचा हिशेब आपल्याला चालत नाही.

थोडा ताण मात्र मुद्दाम देतात. फूट महिना-सव्वा महिन्याची झाली की पाणी जरा हात राखून. मग वेलीची वाढ आवरते, डोळ्यांत घड धरतो. पण मणी फुगताना तहान राहिली तर ते बारीक राहतात, आणि पिकताना एकदम भरपूर पाणी मिळालं तर तडकतात.

एका उन्हाळ्यात विहीर आटली, तेव्हा टँकरसाठी वहिनींच्या पाटल्या गेल्या. आता बुंध्याशी उसाचं पाचट आहे, ठिबकच्या नळ्या आहेत. तरी नळी सोडण्याआधी त्या माती मुठीत घेतातच.

परतल्यापासून मीही मोगऱ्याच्या कुंडीत आधी बोट खुपसून पाहते, मगच तांब्या उचलते.