‘स्पेनमध्ये असं कुणी बोलत नाही’

बिल्बाओतल्या एका भाषावर्गात गोव्याच्या एका मुलीला भर वर्गात ऐकवण्यात आलं, की तिनं लिहिलंय तसं स्पेनमध्ये कुणी बोलत नाही. ती माझ्या शेजारच्याच बाकावर बसायची. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी ते केव्हाच सोडून दिलं, असं ती सांगते. मला ते अजून सोडवत नाही.

मुलगी म्हापशाची. घरी मराठी, बाहेर कोकणी, आणि आजोबा पोर्तुगीज राजवटीत शाळा शिकलेले. उच्च शिक्षणासाठी ती बास्क प्रदेशात आली आणि जुन्या गावठाणात, कास्को बिएखोत, एका सत्तरीच्या बाईंकडे खोली घेऊन राहिली.

वर्गात तेव्हा क्रियापदांची ‘कोंदिथिओनाल’ रूपं चालू होती. ‘केलं असतं’, ‘करीन म्हणाला’, ‘कराल का जरा’ अशा नाना ठिकाणी स्पॅनिश माणूस हीच रूपं वापरतो. बनवायला हा काळ अगदी सोपा. एरवी आर, एर आणि ईर अशा तीन गटांतली क्रियापदं तीन वाटांनी जातात. इथे तिन्हींना एकच वाट. मूळ क्रियापद अख्खंच्या अख्खं घ्यायचं, काही कापायचं नाही, आणि पुढे ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन लावायचं. आब्लारचं आब्लारीआ, कोमेरचं कोमेरीआ, बिबिरचं बिबिरीआ. वर्तमानकाळात ओळखू न येणारी ‘सेर’ आणि ‘ईर’ ही क्रियापदंसुद्धा इथे गुणी बाळासारखी वागतात: सेरीआ, ईरीआ. अनियमित म्हणून पाठ करायची ती डझनभर, तेंद्रीआ, पोद्रीआ, आरीआ वगैरे. आणि त्यांची अंगं भविष्यकाळातल्यासारखीच असल्यानं तीही निम्मी आधीच येत असतात. दोनच ठिकाणी जपावं लागतं. ‘मी’ आणि ‘तो’ यांचं रूप एकच, म्हणून कधी कधी सर्वनाम उच्चारावं लागतं. आणि ‘कोमीआ’ म्हणजे पूर्वी खायचो, ‘कोमेरीआ’ म्हणजे खाईन किंवा खाल्लं असतं. मधला ‘एर’ गिळला की अर्थच पालटतो.

हे प्रत्यय आले कुठून, तेही तिला ठाऊक होतं. लॅटिनच्या उतरत्या काळात मूळ क्रियापदापुढे ‘असणे-बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदाचं भूतकाळी रूप जोडून लोक बोलू लागले, आणि ते झिजत झिजत ‘ईआ’ झालं. आंतोनिओ दे नेब्रिखा यांनी १४९२च्या आपल्या व्याकरणात हा जोड उलगडून दाखवला आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये या दोन तुकड्यांच्या मध्ये सर्वनाम घालता यायचं. स्पॅनिशनं ती रीत टाकली. पोर्तुगीजच्या लेखी भाषेत ती आजही टिकून आहे, आणि आजोबांच्या जुन्या वह्यांत तिनं ती पाहिली होती. त्या वह्यांमुळे एक खोडही जडली होती. स्पॅनिशमध्ये सहाही रूपांत ‘ई’वर तिरकी रेघ द्यावीच लागते. पोर्तुगीजमध्ये ती फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांवर येते. हिच्या रेघा राहून जायच्या, गुण जायचे. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

तक्रार पुढचीच.

चाचणीत या काळाची वाक्यं स्वतःच्या मनानं लिहायची होती. तिनं घरमालकीणबाईंचं एक वाक्य लिहिलं. बाईंची लेक बितोरियाला राहायची. फोनवर बाई तिला नेहमी म्हणायच्या, ‘सी बिबिरीआस मास थेर्का, कोमेरीआस आकी तोदोस लोस दीआस.’ जवळ राहत असतीस तर रोज इथेच जेवली असतीस. पुस्तकी नियमाप्रमाणे ‘सी’, म्हणजे ‘जर’, याच्यामागून कोंदिथिओनाल येत नाही. तिथे ‘बिबिएरास’ हवं. ‘कोमेरीआस’ तेवढं बरोबर. सरांनी ‘बिबिरीआस’वर लाल रेघ मारली. इथवर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं.

पण सर तेवढ्यावर थांबले नाहीत. वाक्य फळ्यावर लिहिलं. म्हणाले, ही परदेशी माणसाची चूक आहे, मातृभाषा आडवी आली की असं होतं, स्पेनमध्ये असं कुणी बोलत नाही. तिनं हात वर करून सांगितलं, की माझ्या घरमालकीणबाई असं बोलतात. त्यावर सर समजुतीच्या सुरात म्हणाले, तुझ्या कानांना अजून सवय नाही, तू चुकीचं ऐकलंस. वर्ग हसला. ती खाली बसली.

बाई जन्मल्यापासून बिल्बाओतच राहिलेल्या. त्यांचं वाक्य तिनं भिंतीपलीकडून नव्हे, त्याच स्वयंपाकघरात बटाटे सोलत ऐकलं होतं. एकदा नव्हे, अनेकदा. सर माद्रिदकडून नव्यानं आलेले. खाली कोपऱ्यावरच्या बारमध्ये पाच मिनिटं उभे राहिले असते तरी त्यांना ‘सी तेंद्रीआ’ कानावर पडलं असतं. बास्क प्रदेश, नाव्हारा, ला रिओखा, बुर्गोस या साऱ्या उत्तरेकडच्या पट्ट्यात असं सर्रास बोलतात, शिकली-सवरलेली माणसंही बोलतात. स्पॅनिश अकादमीच्या ग्रंथांत या लकबीची नोंद आहे. जपून बोलताना ती टाळावी, असा सल्लाही सोबत आहे. म्हणजे ‘हे प्रमाण नाही’ असं म्हणण्याचा सरांना पूर्ण अधिकार होता. ‘असं कुणी बोलत नाही’ म्हणण्याचा नव्हता. आणि तू ऐकलंच नाहीस, हे म्हणण्याचा तर मुळीच नव्हता. गुण परत मिळतात. आपल्या कानांवरचा विश्वास परक्या देशात एकदा उडाला, की माणूस दुकानात पाव मागतानाही दोनदा विचार करतो. पुढचे कितीतरी दिवस ती वर्गात तोंडच उघडत नव्हती, हे मी पाहिलं आहे.

मातृभाषेचा मुद्दा त्यांनी काढला, त्यात तथ्य होतं, हेही सांगायला हवं. ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’ या वाक्यात आपण दोन्हीकडे एकाच घडणीचं रूप वापरतो. मराठी माणसाचा हात स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे ‘ईआ’ लावायला जातोच. पण म्हणून ती घडण स्पॅनिशला परकी ठरत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांतले स्पॅनिश लेखक ‘बिबिएरा’सारखं ‘रा’कारान्त रूप वाक्याच्या दोन्ही अंगांना बिनदिक्कत लावत. आजही ‘आलो असतो तर पाहिलं असतं’ म्हणताना दोन्हीकडे ‘उबिएरा’ चालतं, अकादमीही चालवून घेते. तेव्हा शिक्षकांनी लाल रेघ जरूर मारावी, पण शेजारी एवढं लिहावं, की हे इथे बोलतात, परीक्षेत चालणार नाही. दोन ओळींचं काम आहे.

ती आता पणजीत स्पॅनिश शिकवते. तिच्या वर्गात ‘सी’च्या मागून ‘ईआ’ दिसलं की लाल रेघ पडते, आणि उत्तरेकडच्या बोलीबद्दल ती सुरुवातीला अवाक्षरही काढत नाही. मी तिच्याशी यावरून भांडले. ज्या गोष्टीनं तू इतकी दुखावलीस, तीच मुलांपासून का लपवतेस? ती म्हणाली, लपवत नाही. आधी सहा प्रत्यय आणि बिबिएरा बसू देत, मग सांगेन.

एकदा तिच्या वर्गात मागे बसून पाहिलं. पंधरा-वीस मुलं, आणि जो तो ‘सी’ला ‘ईआ’ चिकटवतोय. कुणाला बिल्बाओ ठाऊक नाही, सगळे आपल्या मराठी-कोकणीच्या ओढीनंच तिकडे जातायत. यांना पहिल्याच दिवशी ‘तिकडे चालतं’ सांगितलं, तर बिबिएरा कुणी पाठ करणार नाही, हे दिसत होतं. तेव्हा मला तिचं पटलं. मात्र घरी परतताना सरांचं ते ‘तू चुकीचं ऐकलंस’ पुन्हा आठवलं, आणि पटलेलं पुन्हा डळमळलं. तिच्या वर्षअखेरीच्या धड्यांत आता उत्तर स्पेनच्या बोलीवर एक तास आहे. तो आणखी अलीकडे आणावा, असं माझं म्हणणं. आणि त्यावरून आमचं अजून जुळलेलं नाही.