दोनाचा बत्तिसावा घात, अधिक एक

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. दोनाच्या बत्तिसाव्या घातात एक मिळवला की ती येते.

तीनपासून सुरुवात करावी. एक वजा करून वर्ग करावा, पुन्हा एक मिळवावा. ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशी माळ तयार होते. या पाचही मूळ संख्या. सतराव्या शतकात तुलूझचा न्यायाधीश पिएर द फर्मा याला वाटे की ही माळ पुढेही अशीच मूळ संख्यांची राहणार. सिद्धता आपल्यापाशी नाही, हे तो पत्रांतून मोकळेपणाने लिहीत असे. सहावी संख्या हीच, चार अब्जांच्या वरची. हाताने भागाकार करणाऱ्याने तिला कुठवर तपासावे?

१७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने ऑयलरला पत्रातून याबद्दल विचारले. १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर मांडले: ६४१ गुणिले ६७००४१७. या संख्येचा मूळ अवयव असलाच, तर त्याला ६४ ने भागून एकच बाकी उरायला हवी, हेही त्याने पुढे सिद्ध केले. त्या चाळणीतून गेल्यावर उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. चार अब्जांचा पसारा पाचव्याच भागाकाराला उलगडतो!

पण मला मोह पडतो तो भागाकार न करता पटणाऱ्या सिद्धतेचा. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. बस, एवढेच भांडवल. ६४० म्हणजे पाच गुणिले दोनाचा सातवा घात. त्याला ६४१ ने भागले तर बाकी उणे एक. म्हणून त्याच्या चौथ्या घाताची बाकी एक. या चौथ्या घातात ६२५ आणि दोनाचा अठ्ठाविसावा घात यांचा गुणाकार असतो. बाकीच्या हिशेबात ६२५ म्हणजे उणे १६, म्हणजे उणे दोनाचा चौथा घात. तो तिथे ठेवला की दोनाच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे एक ठरते. त्यात एक मिळवा, बाकी शून्य. कागदाच्या चिठोऱ्यावर मावणारे हे सत्य मी पुन्हा पुन्हा लिहून पाहते आणि दर वेळी तितकाच आनंद होतो.

तिचे शेजारीही पाहावेत. एकाने लहान संख्येत दोनाशिवाय दुसरा मूळ अवयव नाही. आणखी एक पायरी खाली ४,२९,४९,६७,२९५. बत्तीस बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या. तिचे अवयव ३, ५, १७, २५७, ६५५३७: फर्माच्या माळेतले पाचही मणी! गाउसने १७९६ मध्ये, अठराव्या वर्षी, पट्टी आणि कंपासने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे दाखवले, ते याच मूळ संख्यांच्या बळावर. अशा रीतीने काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या बहुभुजांत आज ठाऊक असलेला सर्वांत मोठा बरोबर ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा आहे.

६५५३७ नंतर या माळेत एकही मूळ संख्या सापडलेली नाही. आणखी नाहीच, असे माझे मन सांगते. पण पाच उदाहरणांवर विसंबून फर्मालाही त्याच्या मनाने काही सांगितलेच होते. तशी एक जरी सापडली, तर त्या बहुभुजाचा पहिला मान जाईल.