दुसऱ्या मजल्याचा दंड

रत्नागिरी
२ ऑगस्ट

चि. अनघास,


तुझं पत्र पोचलं. शिस्तपालन समितीवर तुला घेतलं आणि नियमावलीचा मसुदाही तुझ्याकडेच सोपवला, हे फार बरं झालं. पण तुला खरं विचारायचं आहे ते त्या दुसऱ्या मजल्याबद्दल. वसतिगृहाचा कॅमेरा कोणीतरी फोडला, कोणी कबूल होत नाही, आणि रेक्टर म्हणतात, मजल्यावरच्या प्रत्येक मुलाकडून पाचशे रुपये घ्या, नाव आपोआप बाहेर येईल. तुला हे पटत नाही, पण बैठकीत का ते मांडता आलं नाही. ते मांडता आलंच पाहिजे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

काल लोकमान्यांची पुण्यतिथी. टिळक आळीत, शाळाशाळांतून भाषणं झाली आणि शेंगांच्या टरफलांची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली गेली. आहे ती आख्यायिकाच. आपण ती मुलांना बाणेदारपणाची म्हणून सांगतो, आणि त्या मास्तरांकडे कोणी बघत नाही. वर्गात टरफलं पडलेली, कोणी नाव सांगेना, म्हणून त्यांनी सगळ्या वर्गाला शिक्षा फर्मावली. तुमचे रेक्टर आज तेच करू पाहताहेत. त्या दंडाच्या पावतीवर कारण काय लिहिणार? ‘कॅमेरा फोडला’ असं लिहिता येणार नाही. ‘नाव सांगितलं नाही’ असं लिहायचं, तर त्या मुलाला नाव ठाऊक होतं हे कुठे सिद्ध झालंय? जो मुलगा त्या रात्री एसटीनं राजापूरला घरी गेला होता, त्यालाही पाचशे रुपये?

समितीत कोणीतरी रॅगिंगच्या नियमांचा दाखला देईल, त्याची तयारी ठेव. २००९च्या मार्चमध्ये हिमाचलमधल्या टांडा इथल्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा विद्यार्थी रॅगिंगमध्ये गेला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगानं कडक नियम आणले. रॅगिंग करणारे ओळखूच आले नाहीत तर संस्थेनं सामूहिक शिक्षा द्यावी, असं कलम त्यात खरोखरच आहे. त्यामागची कळकळ मला कळते. नवख्या मुलाला रात्रभर छळायचं आणि सकाळी सगळ्यांनी मिठाची गुळणी धरायची, या गप्प बसण्यानं जीव गेले आहेत. तरीही ते कलम मला मान्य नाही. ज्या मुलानं छळ थांबवायचा प्रयत्न केला, तोही त्यात भरडला जातो आणि पुढच्या वेळी मध्ये पडत नाही. आणि कॅमेऱ्याची काच म्हणजे रॅगिंग नव्हे. ते कलम इथे लागूच होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल हाताशी ठेव. १९६२ साली घनश्याम दास गुप्ता प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की परीक्षेतल्या गैरप्रकाराबद्दल विद्यार्थ्याला शिक्षा करायची तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल. १९७० साली बिहारमधल्या एका परीक्षा केंद्राचं प्रकरण आलं. तिथे इतकी सर्रास कॉपी झाली होती की बोर्डानं त्या केंद्राची परीक्षाच रद्द केली, आणि न्यायालयानं ते उचलून धरलं. प्रत्येकाला वेगळं ऐकायची गरज नाही म्हटलं. हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध वाटतील, पण तसं नाही. परीक्षा रद्द करताना बोर्ड कोणाही एका मुलाला कॉपीबहाद्दर ठरवत नव्हतं; परीक्षाच विश्वासाची राहिली नव्हती. दंड मात्र माणसाला होतो. तो त्याच्या नावावर पडतो, उद्या दाखल्यात दिसतो.

ऐकून घ्यायचं म्हणजे कोर्ट भरवायचं असं नाही. रांचीच्या मेडिकल कॉलेजात रात्री मुलींच्या वसतिगृहात शिरलेल्या मुलांना काढून टाकलं, तेव्हा मुलींचे जबाब त्या मुलांसमोर घेतले नव्हते. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते योग्य ठरवलं. मुलींना त्यांच्यासमोर उभं केलं असतं तर एकही मुलगी बोलली नसती. मुलांना आरोप कळवला होता, त्यांचा खुलासा घेतला होता. तेवढं पुरेसं होतं. तक्रार करणाऱ्या मुलीला जपणं आणि आरोप असलेल्या मुलाचं ऐकणं ही दोन्ही कामं एकाच समितीला जमतात.

मसुद्यात दुसरी जागा जपायची ती ‘कॉलेजच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे वर्तन’ हे वाक्य. जुन्या नियमावलीतून ते जसंच्या तसं उतरवू नकोस. १९०५च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, आणि फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी विद्यार्थी सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढलं. परांजपे आपल्याच जिल्ह्यातले, दापोलीजवळच्या मुर्डीचे. केंब्रिजला पहिले आलेले, बुद्धीनं आणि चारित्र्यानं मोठे. रत्नागिरीच्या टिळकांनी ‘केसरी’तून त्यांच्यावर टीका केली. परांजप्यांना संस्था सांभाळायची होती, सरकारची नजर होती, हे मी समजू शकते. सावरकरांना त्यांनी परीक्षेला बसू दिलं, हेही खरं. पण होळी कॉलेजच्या आवारात झाली नव्हती, कोणा विद्यार्थ्याला वा शिक्षकाला तिची झळ लागली नव्हती. दंड झाला तो मताला. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातून हे होतं, तर मोघम कलम साध्या माणसांच्या हाती देताना किती विचार करायला हवा! काय चालणार नाही ते नावानिशी लिही: मारहाण, छळ, कॉपी, नासधूस, चोरी. मोर्चात जाणं, घोषणा देणं, प्राचार्यांवर टीका करणं यांचा त्यात समावेश नाही, हेही लिही.

आणि माफीनामे बंद कर. माझ्या वकिलीत असे कितीतरी कागद हाताखालून गेले. मुलगा ऑफिसात उभा, क्लार्क मजकूर सांगतोय, मुलगा लिहितोय, ‘माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही, झाल्यास होईल ती कारवाई मान्य.’ चूक कोणती, त्याचा उल्लेख नाही. पुढे दोन वर्षांनी तोच कागद त्याच्याविरुद्ध कबुलीजबाब म्हणून बाहेर निघतो. तसंच ‘उद्या पालकांना घेऊन ये’. लांज्याच्या आतल्या वाडीतून ज्याची आई यायची, बाप मुंबईला कामाला, तिचा दिवसाचा रोज बुडतो, आणि तिला व्हरांड्यात दुपारपर्यंत बसवून दोन मिनिटांत सुनावून परत पाठवतात. फोनवर बोला, वेळ ठरवून बोलवा, बसायला खुर्ची द्या. हे नियमात लिहिता येतं, तू लिही.

आता कॅमेऱ्याचं. त्या रात्री मजल्यावर कोण कोण होतं, ते आधी हजेरीपटावरून काढा. प्रत्येकाला एकेकटं बोलवून विचारा, सांगतील ते लिहून घ्या, त्यांना वाचून दाखवा, सही घ्या. तरी नाव निघालं नाही, तर कॅमेरा वसतिगृहाच्या दुरुस्तीच्या पैशांतून बसवा आणि फाईल उघडी ठेवा. रेक्टर म्हणतील, मग धाक काय राहिला. त्यांना सांग, खऱ्या फोडणाऱ्यालाही सगळ्यांच्या बरोबरीनं पाचशेच भरावे लागणार होते.

शिक्षेचा आदेश कारणांसह लेखी असावा, प्रत मुलाच्या हातात द्यावी, अपील कोणाकडे आणि किती दिवसांत ते त्याच प्रतीवर छापावं. मसुदा झाला की मला पाठव, बैठकीच्या आधी चार दिवस तरी. कलमांची भाषा मी बघेन.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
सुमामावशी