म्हातारपणीचं स्वयंवर आणि एक जुनं पत्र

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग सणवार, पाहुणे... नेहमी वाचणाऱ्या तिघाचौघांनी फोन करून "काकू, लिहिणं बंद केलं का?" असं विचारलं, तेव्हा जरा बरं वाटलं. बंद केलेलं नाही. एक विषय डोक्यात होता, तो लिहू की नको यातच दोन महिने गेले.

झालं असं की दिवाळीत नात आली होती अमेरिकेहून. दुपारची जेवणं झाली, मी फराळाचे डबे आवरत होते, तर म्हणाली, "आजी, ये इकडे, तुला एक गंमत दाखवते." आणि लॅपटॉपवर तिने 'द गोल्डन बॅचलर' लावून दिला. तिकडच्या एबीसी वाहिनीवर २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेला कार्यक्रम. गेरी टर्नर नावाचे इंडियाना राज्यातले एक गृहस्थ, वय ७२, म्हणजे माझ्याच बरोबरीचे. बायको २०१७ मध्ये गेलेली. संसार ४३ वर्षांचा. तळ्याकाठी घर घेतलं, निवृत्त होऊन आता दोघांनी निवांत राहायचं, आणि ती आजारी पडून गेलीच. आता हे गृहस्थ एका बंगल्यात आणि त्यांना भेटायला २२ बायका, ६० ते ७५ वयाच्या. दर भागाच्या शेवटी हा ज्यांना गुलाब देईल त्या राहणार, बाकीच्यांनी सामान आवरायचं.

मी आधी नाक मुरडलं, खोटं कशाला सांगू. हे काय बाई, बाजारात वांगी निवडावी तसं! २००९ मध्ये आपल्याकडे 'राखी का स्वयंवर' झालं होतं एनडीटीव्ही इमॅजिनवर, तेव्हाही मी अशीच बडबडले होते. तिथे तर ठरलेलं लग्नही पुढे मोडलं. पण ती तरुण मुलगी होती, तिचं सगळं नाट्य होतं. इथे गेरीच्या कानात ऐकण्याचं यंत्र होतं. एक बाई वॉकर घेऊन वाकत वाकत आली, आणि जवळ येताच वॉकर भिरकावून ताठ उभी राहिली. मला हसू फुटलं. आणि मग त्या बायका रात्री एकमेकींजवळ बसून आपापल्या गेलेल्या नवऱ्यांबद्दल बोलायला लागल्या, तेव्हा मात्र डबे तसेच राहिले आणि आम्ही दोघी संध्याकाळचा दिवा लावायची वेळ होईपर्यंत बघत बसलो.

शेवटी गेरीने तेरेसा निस्ट यांना निवडलं. त्याही विधवा, ७० वर्षांच्या, न्यू जर्सीच्या. ४ जानेवारी २०२४ ला लग्न झालं, तेही टीव्हीवर थेट. आणि एप्रिलात, मोजून तीन महिन्यांत, दोघांनी पुन्हा टीव्हीवरच येऊन सांगितलं की आम्ही वेगळे होतोय. नातीला हा भाग सांगताना वाईट वाटत होतं. "बघ ना आजी, एवढं करून..." मला आश्चर्य वाटलं नाही. भांडण नव्हतं काही. त्याच्या मुली-नाती इंडियानात, तिचा मुलगा-मुलगी-नातवंडं न्यू जर्सीत. दोघांनी मिळून तिसरीकडेच घर बघायचंही झालं, पण आपलं गोत सोडून जाणं कोणालाच जमेना. विशीतली मुलगी बाप-भावाचं घर सोडून जाते, कारण तिला तसं शिकवलेलं असतं. सत्तरीत घर कोणी सोडायचं, हे कोणीच शिकवलेलं नसतं. गुलाबापेक्षा तो प्रश्न मोठा. पुढे २०२४ मध्येच 'द गोल्डन बॅचलरेट' आला, त्यात निवडणारी बाई होती, जोन वासोस नावाची. ते मला जास्त आवडलं. असो.

हे सगळं तिकडचं झालं असं म्हणून सोडून द्यावं, तर आपल्याकडेही काही कमी नाही. २००१ च्या भूजच्या भूकंपात किती जणांचे जोडीदार गेले. ते बघून अहमदाबादच्या नटुभाई पटेलांनी वयस्कांच्या जोड्या जुळवायचं काम हाती घेतलं, 'विना मूल्य अमूल्य सेवा' नावाने. आमिर खानच्या 'सत्यमेव जयते'मध्ये २०१२ साली म्हातारपणावरचा भाग होता, त्यात ते आले होते; तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्याच वर्षी पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ काढलं. वृद्धाश्रम चालवताना त्यांनी एकटेपणा जवळून पाहिलेला. तिथे कॅमेरा नाही, गुलाब नाही. ओळखी होतात, सहली निघतात, आणि एकत्र राहायचं ठरलं तर घर कोणाचं, खर्च कोणाचा, आजारपणात काय, हे आधी बोलून घ्यायचं. लग्नच का नाही, असं आमच्या भिशीत विचारलं गेलंच. अहो, मुलांना वाटण्यांची भीती आणि बाईला पेन्शनची. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नियमांत पुनर्विवाहाची अट वर्षानुवर्षं आडवी येत आलेली आहे. कुंकू लावलं की पैसे बंद, मग कोण लावेल?

भिशीवरून आठवलं. २०१९ मध्ये झी मराठीवर 'अग्गंबाई सासूबाई' लागायची. निवेदिता सराफांची आसावरी, गिरीश ओकांचे अभिजित राजे, आणि सासूचं लग्न लावून देणारी सून तेजश्री प्रधान. आमच्या कॉलनीतल्या सगळ्याजणी आसावरीसाठी हळहळायच्या. तिचा मुलगा आडवा आला की त्याला शिव्या घालायच्या. आणि त्याच सुमारास कॉलनीतल्या एका विधुर गृहस्थांनी वधूवर मंडळात नाव नोंदवल्याचं कळलं तर त्याच बायका, "म्हाताऱ्याले काय सुचलं बावा या वयात!" मी त्या हसण्यात नव्हते. गप्प होते. त्याचं कारण आता सांगते. नातेवाईकांनी हे वाचून फोन करण्याआधी शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

आमची आई १९८३ मध्ये गेली. बाबा जिनिंगमध्ये दिवाणजी होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. यवतमाळच्या घरी भाऊ-वहिनी होते, मी लग्न होऊन पुसदला, शाळेत शिकवत होते. दारव्ह्याला आमची आत्या अंथरुणाला खिळलेली होती, तिला बघायला बाबा दर मंगळवारी जायचे. एसटीने लवकर पोचता येई, पण बाबा शकुंतलेनेच जायचे. आमच्याकडची छोटी गाडी, यवतमाळ-मूर्तिजापूर. १९२१ सालचं मँचेस्टरचं कोळशाचं इंजिन तिला १९९४ पर्यंत होतं, आणि चाल अशी की मधे उतरून बोरं वेचून परत चढावं असं लोक थट्टेने म्हणायचे. आता ती बंद आहे, रूळ गवतात बुडालेत.

आत्याच्या शेजारी एक नर्सबाई राहायच्या. विधवा, मूलबाळ नाही, अठ्ठावन्नला सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. आत्याला इंजेक्शन देणं, कूस बदलणं, शेवटचं सगळं त्यांनी केलं, एक पैसा न घेता. आत्या १९८५ च्या उन्हाळ्यात गेली. बाबांचे मंगळवार मात्र चालूच राहिले. वाचनालयातून दोन पुस्तकं न्यायचे, एक स्वतःला, एक त्यांना. येताना मुगवड्यांची पुरचुंडी, कधी लोणचं. वहिनीच्या लक्षात आलं आधी. मग गल्लीच्या.

१९८६ च्या पोळ्याला मी माहेरी आले होते. रात्री बाबांनी भाऊला आणि मला समोर बसवलं आणि सरळ सांगितलं. मला त्यांना घरी आणायचं आहे. लग्न करून. तुमचा विचार काय?

भाऊ उठून उभाच राहिला. "काऊन, आमी मेलो काय? जेवाले भेटत नाही का तुमाले?" बाबा त्याला काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघत होते. मी शिकलेली, मास्तरीण. शाळेत दरवर्षी मुलांना शिकवायची की १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. बहिष्कार टाकणारे कोत्या मनाचे होते, असं मी फळ्यावर नाही लिहिलं, पण सांगायची तसंच. आणि बाबांना मी म्हणाले, "बाबा, मी सासरी काय तोंड दाखवू?"

ते म्हणाले, "बरं." एवढंच.

इथवर घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. पुढचं फक्त भाऊला आणि मला. दोन दिवसांनी भाऊ म्हणाला, नुसतं बरं म्हणून काय होते, मंगळवार आला की जातील पुन्हा. त्या बाईंनाच लिहायला हवं. तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही. आणि मी लिहिलं. आंतर्देशीय पत्र. बाबा बाहेर ओट्यावर बसलेले असताना, आतल्या खोलीत, माझ्या शाळेच्या पेनने. "आमचे वडील भोळे आहेत", "मुलांच्या संसाराचा विचार व्हावा" असं काय काय. शेवटी "आपण सुज्ञ आहात, अधिक काय लिहिणे." शुद्धलेखनाची एक चूक नव्हती त्यात.

उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी दारव्ह्याच्या एका ओळखीच्या माणसासोबत वाचनालयाचं पुस्तक परत आलं. फडक्यांची कादंबरी होती. तिला नवं खाकी कव्हर घातलेलं. बाबांनी पुस्तक वाचनालयात जमा केलं, उशिराचा दंड भरला, आणि पुन्हा दारव्ह्याला गेले नाहीत. आम्हाला वाटलं, सुटलो.

बाबा त्यानंतर अकरा वर्षं होते. वहिनीने त्यांचं सगळं केलं, ताट वेळेवर, औषध वेळेवर, त्यात कधी कमी नव्हती. वहिनी, हे मी मनापासून लिहिते आहे. पण माणूस ताटावर बसून उठेपर्यंत कोणाशी चार वाक्यं बोलतो का, हे आम्ही कोणी पाहिलं नाही. घरात माणसं होती नं! माझ्याकडे पुसदला आले की टीव्हीसमोर बसायचे, काय लागलंय ते त्यांना सांगता यायचं नाही.

हे जाऊन आता सहा वर्षं झाली. म्हणजे आमचे 'हे'. मुलगा पुण्याला, दिवसातून एकदा फोन करतो, सून व्हिडिओवर नातवाला दाखवते. दिवसाचं काही वाटत नाही. भाजी, देवपूजा, दुपारी वाचन. संध्याकाळी सात ते नऊ मात्र घड्याळ पुढे सरकत नाही. तेव्हा कळतं. वरण फोडणीला टाकताना तोंडाने "आज मीठ जास्त पडलं वाटतं" असं निघतं आणि मग ते कोणाला म्हटलं हे आठवतं.

तर त्या दिवशी लॅपटॉप बंद करताना नातीने मिश्कीलपणे विचारलं, "आजी, तू गेली असतीस का गं अशा शोमध्ये?" मी म्हटलं, "मला बाई गुलाबाची ॲलर्जी आहे." ती हसली. मग मीच तिला बाबांची गोष्ट सांगितली, पत्रासकट. आजवर कोणाला सांगितली नव्हती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना कोणी विचारलं का? नर्सआजींना?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. बाबांचं वाईट वाटायचं, माझी लाज वाटायची. पण त्या बाईंनी ते आंतर्देशीय कुठे उभं राहून उघडलं असेल, वाचून मग दिवसभर काय केलं असेल, हे मी कधी मनात आणलंच नाही. गेरीने शेवटच्या फेरीत जिला नाही म्हटलं ती लेस्ली त्याच्यासमोर रडली, चिडली, निदान बोलली तरी.

मागच्या महिन्यात एसटीने दारव्ह्याला जाऊन आले. आत्याचं घर पाडून तिथे दुकानाचा गाळा झाला आहे. शेजारच्या घराची मालकी बदलली. तिथल्या म्हाताऱ्याने एवढंच सांगितलं की नर्सबाई फार पूर्वी भाचीकडे अकोल्याला गेल्या. भाचीचं नाव त्याला आठवत नव्हतं. मला तर त्यांचं स्वतःचं पहिलं नावही आठवत नाही. पत्रावर मी फक्त सौभाग्यवतीऐवजी श्रीमती लिहून आडनाव घातलं होतं.

भाऊ, पुतण्या तुला हे वाचून दाखवेल. ऐंशीच्या पुढे तुला त्रास द्यायचा नव्हता. पत्ता तू सांगितला होतास आणि मी लिहून घेतला होता, तेव्हा त्यांचं पूर्ण नाव तुला माहीत असणार. रविवारी फोन करशील तेव्हा आठवून ठेव.