उघडी छत्री

गिरगावातल्या आमच्या चाळीतली खोली पुनर्विकासाच्या करारान्वये महिनाअखेर रिकामी करून द्यावयाची होती, म्हणून गेल्या पौषात मी लालबागहून रोज तेथे खेपा घालीत होते. तिसऱ्या दिवशी माळ्यावरचे पितळी डबे, वडिलांची हत्यारांची पेटी आणि गणपतीचे मोडके मखर खाली उतरल्यावर, अगदी भिंतीलगत सापडलेली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सुती नाडीने बांधलेली एक लांब वस्तू भाच्याने माझ्या हाती दिली. कागद सोडण्यापूर्वीच मला तिचा वास आला. काळ्या सुती कापडाचा, गंजलेल्या लोखंडाचा, आणि त्या दोहोंखाली कोठेतरी खोबरेल तेलाचा. ताईची छत्री. नाडीची गाठ मी दातांनी सोडली, कारण अशा गाठी सोडणे माझ्या बोटांनी केव्हाच वर्ज्य केले आहे. छत्री उभी धरली, दांड्यावरचा खटका अंगठ्याखाली घेतला आणि दाबला. तो दबेना. एका अंगठ्यावर दुसरा अंगठा चढवून पाहिला, तेव्हा मनगटातून कोपरापर्यंत अशी कळ गेली की छत्री मांडीवर घेऊन मी वडिलांच्या पेटीवर तशीच बसून राहिले. "आत्या, दे इकडे, मी उघडतो," भाचा म्हणाला. मी त्याला नको म्हटले. का, ते त्या क्षणी मला सांगता आले नसते.

माझ्या आठवणीत ती छत्री उघडीच आहे. १९६६ सालचा माघ, आभाळ निरभ्र, मी बारा वर्षांची आणि ताई एकोणीस. चर्नी रोडला गाडीत बसून आम्ही दोघी एल्फिन्स्टन रोडला उतरत असू आणि तेथून पूल ओलांडून परळच्या के. ई. एम. रुग्णालयापर्यंत चालत जात असू. आईला घर सोडवत नसे, वडील लोअर परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर, म्हणून शाळा बुडवून मला तिच्या सोबतीला धाडले जाई. स्टेशनाबाहेर पडताच ताई म्हणे, "उघड ग छत्री," आणि रुग्णालयाच्या दारात म्हणे, "मीट ग." मोठ्या बहिणीचा हुकूम म्हणून मी तो बजावीत असे, आणि मनात खदखदत असे, कारण भर उन्हाळ्यातही बायका ज्या शहरात डोक्यावर पदर घेऊन निभावून नेतात, तेथे थंडीच्या दिवसांत काळी छत्री डोक्यावर धरून चालणारी तरुण मुलगी हा रस्त्यावरच्या प्रत्येकाला आपल्या अधिकारातला विषय वाटतो. त्या दिवशी गिरण्यांची पाळी सुटली होती. पुलावर माणसांचा लोंढा होता आणि त्यातल्या एका पोराने आकाशाकडे हात करून "पाऊस आला रे" अशी आरोळी ठोकली. लोक हसले. मी ताईचा हात सोडला आणि दहा पावले पुढे जाऊन, तिची माझी ओळख नसल्यासारखी, परळपर्यंत चालत गेले.

रुग्णालयाच्या ओवरीत पोचून मी मागे वळून पाहिले, तर ताई छत्री न मिटता आत आली. छपराखाली, बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या रोग्यांमधून, वाट काढीत, छत्री उघडीच. कोणी अंग चोरले, कोणी हसले, एका म्हाताऱ्याच्या पागोट्याला काडी लागली तेव्हा तो खेकसला. ताईने माझ्याकडे पाहिले नाही. मी तिला एकटी टाकल्याचा सूड म्हणून ती मला चारचौघांत लाजवीत आहे, अशी माझी खात्री झाली आणि ती खात्री मी पन्नासहून अधिक वर्षे सांभाळली.

तिच्या दुखण्याला आमच्या घरात पुष्कळ दिवस नाव नव्हते. नाकाच्या दांडीवरून दोन्ही गालांवर पसरलेला लाल चट्टा, संध्याकाळी चढणारा बारीक ताप, ओंजळीने गळणारे केस आणि हातापायांचे ठणकणारे सांधे, ही चार निरनिराळी दुखणी आहेत असे समजून चार निरनिराळ्या माणसांनी त्यांवर चार निरनिराळे उपाय केले. त्यांपैकी एकाला मी आजतागायत क्षमा केलेली नाही. आमच्या भागात बरीच मोठी कीर्ती असलेले हे डॉक्टर. त्यांनी ताईची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सांगितले की मुलगी घरात कोंडून घेते म्हणून फिकी पडली आहे, तिला रोज सकाळी चौपाटीवर तासभर कोवळ्या उन्हात बसवावे आणि शक्य तितक्या लवकर उजवून टाकावे. सहा आठवडे ती चौपाटीच्या वाळूत सूर्याकडे तोंड करून बसली. सातव्या आठवड्यात तिला जिना चढवेना. ते गृहस्थ अज्ञानी होते म्हणून मला राग नाही, त्या रोगाविषयी तेव्हा पुष्कळांना अज्ञान होते; त्यांनी तिला 'दुखते कोठे' हा एक प्रश्न विचारला नाही, याचा आहे.

नाव सापडले ते परळला, रक्ताच्या तपासणीनंतर. ल्युपस. लॅटिन भाषेत लांडगा. त्वचा कुरतडणाऱ्या व्याधींना युरोपातले वैद्य फार पूर्वीपासून हा शब्द लावीत. १८५१ साली पॅरिसच्या कझनाव्ह नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने 'ल्युपस एरिथेमॅटोसस' हे जोडनाव रूढ केले, आणि त्याच सुमारास व्हिएन्नाच्या हेब्राला त्याच चट्ट्यात फुलपाखरू दिसले. ताईला कोणते नाव आवडले असते हे विचारायचे राहून गेले. तरुण स्त्रियांना हा रोग पुरुषांहून सुमारे नऊपट अधिक होतो. मी पस्तीस वर्षे सरकारी कचेरीच्या अभिलेखांत काढली, त्यामुळे मला तो असा समजतो: आपले कोण आणि परके कोण याची नोंद ठेवणारे एक दप्तर शरीरात असते, आणि त्या दप्तरात कोठेतरी स्वतःच्याच मुलखाची नोंद परमुलूख म्हणून पडते, मग खालचे सर्व अंमलदार त्या नोंदीबरहुकूम, अत्यंत इमानाने, आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर जप्ती नेतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांच्या केंद्रातला ऐवज उघड्यावर पडतो आणि नेमका तोच ऐवज या दप्तराला परका वाटतो, म्हणून चट्टा गालावर उठला तरी ताप सर्व देहाला येतो. छत्री ही तिच्या औषधाचा भाग होती. प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला, क्लोरोक्विनच्या गोळीने तोंड दिवसभर कडू राही, आणि छत्री.

पावसाळ्याचे चार महिने मात्र ती चारचौघींसारखी दिसे. सगळे गिरगाव काळ्या छत्र्यांखाली चाले, आणि त्या गर्दीत आपली ताई कोणती हे मला मागून ओळखता येत नसे, याचा मला आनंद होई. १९७४ च्या श्रावणात मूत्रपिंडे थकून ती गेली, तेव्हाही बाहेर पाऊस होता.

माझे स्वतःचे दुखणे पंचविसेक वर्षांपूर्वीचे. सकाळी कणीक मळताना मुठी वळेनात. बोटांची मुळे आणि मधली पेरे फुगलेली, आणि ती सैल व्हायला दहा वाजत. वय झाले, वात आहे, असे सगळे म्हणाले. परंतु वापराने झिजलेला सांधा सकाळी थोड्याच वेळात मोकळा होतो आणि दिवसभराच्या कामाने संध्याकाळी दुखू लागतो, आणि माझे सांधे तर रात्रभराच्या विश्रांतीनेच आखडत होते. हा भेद ज्याला कळतो त्याची वर्षे वाचतात. आमच्याकडे माधवकराने बारातेराशे वर्षांपूर्वी 'माधवनिदाना'त असल्या दुखण्याला, म्हणजे आमवाताला, स्वतंत्र प्रकरण दिले. ताईमुळे मी उशीर केला नाही, एवढे मात्र खरे. मनगट सुजले त्याच महिन्यात मी परळ गाठले.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, मी मेथोट्रेक्सेट घेते, आणि इतर वारी फॉलिक ॲसिड. कालनिर्णयावर रविवारी तांबडे वर्तुळ काढते, कारण आठवड्याची ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर रक्तातल्या पेशी झडून माणूस दगावू शकतो. दोन्ही गोळ्या पिवळ्या असल्या तर त्या एका डबीत कधीही ठेवू नयेत, हे मी भेटेल त्या प्रत्येकीला सांगते. ठरल्या मुदतीने रक्त आणि यकृत तपासून घ्यावे लागते.

या दोन गोळ्यांचा मूळ पुरुष शोधू जाता एक स्त्री सापडते, आणि तीही परळात. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली. गरोदर गिरणीकामगार स्त्रियांना एक प्राणघातक रक्तक्षय होत असे, त्याचे कारण तिला शोधायचे होते, आणि तिची प्रयोगशाळा होती जुन्या लाटसाहेबांच्या वाड्यातल्या हाफकिन संस्थेत. तिने त्या बायकांची जेवणे तपासली, जंतूंवरचा संशय बाजूला सारला, आणि शेवटी यीस्टचा स्वस्त अर्क देऊन त्या बऱ्या होतात असे दाखविले. १९३१ साली ते छापून आले. त्या अर्कातले अज्ञात द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. आंध्रातून अमेरिकेस गेलेले यल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या हाताखालच्या मंडळींनी ते प्रयोगशाळेत घडविले आणि त्याचा मार्ग अडविणारी विरोधी द्रव्येही घडविली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ती प्रथम चालली, १९५१ साली सांधेदुखीवर करून पाहिली गेली, आणि त्याच घराण्यातले मेथोट्रेक्सेट १९८० नंतर आमच्यासारख्यांच्या नशिबी आले. म्हणजे ज्या रस्त्याने मी बारा वर्षांची असताना ताईच्या पुढे दहा पावले चालले, त्याच्या कडेलाच, त्याआधी अडतीस वर्षांपूर्वी, माझ्या आजच्या गोळीचा पाया घातला जात होता. त्या गिरणीकामगार बायकांची नावे परळच्या एकाही पाटीवर नाहीत. रविवारी गोळी घेताना मी त्यांना मनोमन नमस्कार करते.

ताईच्या क्लोरोक्विनची धाकटी बहीण हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आजही ल्युपसच्या बहुतेक रोग्यांना दिली जाते. फक्त काही वर्षांनी डोळ्यांचा पडदा तपासून घेत राहावे लागते. मार्च २०२० मध्ये करोनावरचा तोडगा म्हणून लोकांनी तिचे साठे केले, सरकारने निर्यात बंद केली, विक्रीवर निर्बंध आले, आणि त्या दिवसांत आमच्या मजल्यावरच्या एका मुलीसाठी, तिच्या गालांवर तेच फुलपाखरू आहे, मी दादरपासून भायखळ्यापर्यंतच्या औषधविक्रेत्यांना दूरध्वनी करीत बसले होते. तेराव्या दुकानात पंधरा गोळ्या मिळाल्या. त्या दिवशी मी रडले, आणि मला वाटते ते त्या मुलीसाठी नव्हते.

छत्री घेऊन मी प्रथम के. ई. एम.च्या व्यवसायोपचार विभागात गेले. ही विद्या शिकविणारी आशियातली पहिली शाळा १९५० साली येथेच निघाली. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, क्वेकर पंथाच्या; मराठी घरात सून म्हणून आल्या आणि मध्येच परत जाऊन हे शास्त्र शिकून आल्या. दुखऱ्या हाताला जोर करायला लावू नये, वस्तूनेच हाताच्या सोयीने बदलावे, हे तत्त्व तेथल्या एका तरुण मुलीने मला तीन मिनिटांत समजावून दिले: मुठीवर जाड स्पंज गुंडाळला म्हणजे बोटांना आवळावे लागत नाही, आणि भार अंगठ्यावर न घेता तळव्यावर घ्यावा. "पण हा खटका," ती म्हणाली, "हा कोणत्याही संधिवाताच्या बाईला दाबता यायचा नाही. तुमच्या ताईंना कसा जमायचा?"

मी तेथेच बाकावर बसले. कदाचित त्याच बाकांपैकी एकावर. ल्युपसच्या बहुतेक रोग्यांचे सांधे दुखतात, हे मी शेकडो वेळा वाचले आहे, लोकांना सांगितले आहे. "उघड ग", "मीट ग". तो हुकूम नव्हता. आणि त्या दिवशी मी पुढे निघून गेल्यावर छत्री मिटायला तिच्याजवळ कोणी नव्हते.

चिवडा गल्लीच्या तोंडाशी पावसाळ्यात छत्र्या आणि एरव्ही कुलपे, बॅगा दुरुस्त करणारे एक वृद्ध चाचा बसतात. मी त्यांना खटका हलका करून देण्यास सांगितले. त्यांनी चष्मा कपाळावर चढविला, दांडा डोळ्यांजवळ नेला, नखाने खटक्याची कड चाचपली, मग वरचा खटका, मग पुन्हा खालचा. "आजी," ते म्हणाले, "हे काम आधीच झालेलं आहे. दोन्ही खटके कानशीनं घासलेत, धार काढून गोल केलेत. आतली पट्टीपण पातळ केली होती कुणीतरी. आता गंज चढला म्हणून अडतं, नाहीतर हे बोट लावताच बसलं असतं. हात कारागिराचा आहे."

पुलावरच्या त्या प्रसंगाच्या रात्री घरी परतल्यावर मी वडिलांजवळ ताईची फिर्याद केली होती. छत्री उघडी ठेवून आत आली, सगळे हसले, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ते जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही, मला रागावले नाहीत, ताईलाही एक शब्द विचारला नाही. ताक ओतून घेतले, हात धुतले आणि माळ्यावरून पेटी खाली काढली. मी झोपी गेले. झोपेत कोठेतरी लोखंडावर कानस चालल्याचा आवाज होता, पण तो आमच्या घरात नित्याचा होता.

त्यानंतर ताईने मला "मीट ग" म्हटले नाही. ती माझ्यावर रुसली आहे असे मी धरून चालले होते.

चाचांनी दोन्ही खटक्यांवर तेलाचा एकेक थेंब सोडला, छत्री चारदोन वेळा उघडमीट केली आणि माझ्यापुढे धरली. पैसे किती म्हणून विचारले, तर म्हणाले, "मी काही केलंच नाही."